बाबांचा आवाज काढून न टाकणाऱ्या भावास

प्रिय भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी वडगावात कार्यक्रमाला जे आले होते त्यांनी तुम्हाला पाहिलंय. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात, प्रोजेक्टरशेजारी, वायरींच्या गुंताड्यात. आभाराच्या भाषणात तुमचं नाव आलं नाही. मंडपवाल्यांचं आलं, चहावाल्यांचं आलं, तुमचं राहिलं. ते मला आठवडाभर खात होतं, म्हणून हे पत्र.

बाबा विणकर. मी लहान असताना आमच्या गल्लीत दुपारी कुठल्याही दारासमोर उभं राहावं, आतून मागाचा आवाज यायचाच. मग एकेका घरात यंत्रमाग आले, काही घरांतून माग गेलेच. बाबांनी आपला खड्ड्याचा हातमाग सोडला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं, मागाचा खड्डा काठोकाठ भरला, मागावर असलेली साडी चिखलात गेली, लाकूड फुगलं. तो माग परत चालला नाही. दोन वर्षांनी बाबाही गेले. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, लग्नातले, बारशातले. पण माग चालवताना हलते-बोलते बाबा एकाच व्हिडिओत आहेत. भाच्यानं २०१७ साली मोबाईल उभा धरून काढलेला, सगळा मिळून ४१ सेकंदांचा.

गल्लीतल्या मंडळींनी जुन्या विणकरांच्या आठवणींचा कार्यक्रम ठरवला. बोलायला बाबांच्याच पिढीतले एक विणकर काका तयार झाले. ते बोलत असताना मागं पडद्यावर बाबा विणताना दिसावेत, एवढंच मला हवं होतं. काका वीस मिनिटं बोलणार, म्हणजे व्हिडिओ संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायला पाहिजे. आणि त्यांच्या बोलण्यात अडथळा नको, म्हणून आवाज बंद पाहिजे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पोरांसाठी स्लाइड बनवते, पण व्हिडिओ कधी घातला नव्हता. म्हटलं, पैसे देऊन नीट करून घेऊ.

ज्यांना पैसे दिले त्यांचं नाव घेत नाही. पण राग आहे, तो लपवत नाही. पहिल्यांदा त्यांनी व्हिडिओचं जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्रांची फाइल, करून दिलं. 'हे आपोआप फिरतंय आणि मुकं असतंय, तुम्हाला तेच पाहिजे ना?' म्हणाले. फिरत होतं, खरं आहे. पण जीआयएफ हा १९८७ सालचा प्रकार, त्याच्या एका चौकटीत २५६ च्या वर रंग मावत नाहीत. बाबांच्या मागावरची डाळिंबी साडी ठिगळं लावल्यासारखी दिसायला लागली आणि चेहऱ्यावर नुसते ठिपके. जन्मभर रंगाची छटा जुळवण्यात ज्यांची नजर गेली त्यांना असं दाखवू? मी परत नेऊन दिलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी खरा व्हिडिओ घातला, त्यांच्या दुकानात चालवूनही दाखवला. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला तर बाबांच्या जागी काळा चौकोन! त्यांच्याकडे पॉवरपॉइंटची जुनी २००७ ची आवृत्ती. तिच्यात व्हिडिओ स्लाइडच्या पोटात जात नाही, फाइल बाहेरच राहते. २०१० पासून ती आत बसवता येते, हे मला तुमच्याकडून कळलं. पैसे घेणाऱ्यांनी निदान दोन्ही फायली द्यायच्या होत्या. फोन केला तर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम आहे' म्हणाले. शेवटी मीच मूळ व्हिडिओ कसाबसा स्लाइडवर चिकटवला आणि आदल्या संध्याकाळी सभागृहात आले.

त्या संध्याकाळचं अजून आठवतं. तुम्ही माझा पेन ड्राइव्ह लावलात, स्लाइड आली, मी क्लिक केलं आणि त्या दोन मोठ्या स्पीकरमधून अख्ख्या सभागृहात बाबा खोकले. व्हिडिओत ते मधेच खोकतात, हे मी विसरले होते. सुताची तूस छातीत गेलेला तो खोकला. शेवटच्या वर्षात रात्र रात्र ऐकलेला. खुर्च्या मांडणारी पोरं थबकून बघायला लागली. मी तशीच बाहेर पायरीवर येऊन बसले.

तुम्ही पाठोपाठ आला नाहीत, ते बरं केलंत. थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन आलात आणि विचारलंत, "अक्का, अप्पाजी काय ते?" मी मान हलवली. म्हटलं, "तो आवाज काढून टाका. कायमचा काढा, मला परत ऐकायचा नाही."

तुम्ही लगेच 'हो' म्हणाला असतात तरी मी आभारच मानले असते. तुम्ही चहा संपेस्तोवर काही बोलला नाहीत. मग तुमच्या त्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणालात, "काढायचा नको अक्का. बंद करून ठेवूया की. आत असू दे. आज नको वाटतंय, उद्या पाहिजे वाटंल."

भाऊ, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. काढणं तुम्हाला सोपं होतं. मीच सांगितलं होतं, कुणी तुम्हाला बोल लावला नसता. पण दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो आणि त्याचं सगळंच ऐकायचं नसतं, एवढी समज तुम्हाला तुमच्या वयात कुठून आली?

मग तुम्ही काम केलंत ते मी शेजारी बसून बघितलं. आधी मूळ व्हिडिओ जसाच्या तसा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलात आणि माझ्या मोबाईलवर अजून आहे ना, हेही विचारलंत. आपोआप सुरू होणं, थांबवेपर्यंत फिरत राहणं, आवाज बंद, ही सगळी तुमच्या दोन मिनिटांची कामं. खरा वेळ गेला तो तुकडा निवडण्यात. ४१ सेकंद सबंध फिरवले तर शेवटी भाच्याचा हात हलतो आणि पुन्हा सुरुवातीला येताना धक्का बसतो. तुम्ही म्हणालात, आडवं सूत घेऊन धावणारा धोटा जिथून निघतो तिथंच परत आला की कापायचं. बाबांनी दोरीला हिसडा दिला की धोटा उजवीकडून सुटतो, डावीकडं जातो, सूत घट्ट बसवायला फणी ठोकली जाते, पायाखालच्या पावड्या बदलतात, मग धोटा परत येतो. तुम्ही ते पुढं-मागं करून किती वेळा बघितलंत! कधी फणीच मधे राहायची, कधी बाबांची मान वेगळ्या बाजूला असायची. शेवटी बारा सेकंदांचा असा तुकडा सापडला की तो कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो ते मलाही कळेना. बाबा विणतच होते. कापलेला भागही तुम्ही फेकला नाहीत. फाइल छोटी करायचं बटण दाबलं तर कापलेलं कायमचं जातं, म्हणून ते दाबायचं नाही, असं मला दोनदा बजावलंत.

दुसऱ्या दिवशी काका बोलायला उभे राहिले. वीस मिनिटं म्हणाले होते, अर्धा तास बोलले. त्यांच्या मागं बाबा न थकता विणत होते. बोलता बोलता काका वळून पडद्याकडं बघायचे, 'बघा, ह्याचा हात बघा' म्हणायचे. आवाज नव्हता म्हणून लोक हाताकडंच बघत होते. खोकला कुणालाच ऐकू आला नाही.

बेळगावचं नाव बाहेर निघतं ते बहुतेक वेळा भांडणासाठीच. मी मराठी शाळेत शिकले, मराठी शाळेत शिकवते, माझ्या भाषेबद्दल मला जे वाटतं ते वाटतंच. पण बाबांना सूत देणारे मालक कन्नड बोलायचे आणि बाबा त्यांचा हिशेब कन्नडमधूनच करायचे. एका दिवाळीत साडी वेळेत झाली नाही तरी त्या मालकांनी पैसे घरी आणून दिले होते, हे आई अजून सांगते. पाणी आलं त्या रात्री आईला पाठीवर घेऊन बाहेर काढणारा पोरगा कुठली भाषा बोलत होता ते आम्हाला आठवतसुद्धा नाही. अशी माणसं आमच्या वाट्याला आली. तुम्ही त्यांतलेच.

आता आईचं सांगते. ते तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला नसेल.

कार्यक्रम संपला, लोक गेले, आणि आई खुर्चीवरून उठेना. पडद्याकडं बघत म्हणाली, "आवाज कुठं गेला?" मी काहीतरी सांगून तिला उठवायला लागले. तुम्ही लांबून ऐकलंत. माझ्याकडं बघितलंत, मी हो म्हणेपर्यंत थांबलात, आणि आवाज सुरू केलात, अगदी बारीक. खट, खट, खट. आईनं डोळे मिटले.

बाबा विणायचे आणि आई शेजारच्या खोलीत रहाटावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. चाळीस वर्षं. धोट्यातली कांडी संपत आली की त्याचा आवाज बदलतो म्हणे. बाबांनी हाक मारायच्या आधीच ती भरलेली कांडी घेऊन दारात उभी असायची. आमच्या कानाला सगळं सारखंच. त्या दिवशी ती डोळे मिटून बारा बारा सेकंद ऐकत राहिली आणि म्हणाली, "कांडी अजून भरलेली आहे." त्या बारा सेकंदांत खोकला नव्हता. तो कापलेल्या भागात राहिला होता. तुम्ही आदल्या संध्याकाळीच हे बघून ठेवलं होतंत काय? मला विचारायचं धाडस झालं नाही.

मंडपवाले घाई करत होते. तुम्ही त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलंत आणि खाली बसून वायरी गुंडाळायला लागलात. एक वायर तुम्ही गुंडाळून परत सोडवलीत, परत गुंडाळलीत. आई "पुरे बाळ" म्हणाली तेव्हाच लॅपटॉप बंद केलात. पैसे देऊ केले तर ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत.

माग गेला, पण बाबांचा धोटा आईनं जपून ठेवलाय. खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो. यंदा तुम्ही घरी या. आई पुरणपोळी करणार आहे. येताना तुमचा तो लॅपटॉप विसरू नका, धोट्याशेजारी पाटावर ठेवून त्यालाही हळदकुंकू लावायचं, असं आईनं सांगितलंय.

तुमची,
अक्का
वडगाव, बेळगाव