हा राग मत्सराचा नव्हे

महोदय,

अब्जाधीशांच्या राजकारणातील वावराबद्दल अमेरिकेत जो रोष दिसतो, तो यशस्वी माणसाविषयीची निव्वळ पोटदुखी आहे, असे आपल्याकडची अनेक सुशिक्षित मंडळी ठामपणे सांगतात. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये मी मुलीकडे विस्कॉन्सिन राज्यात होतो. तेथे जे पाहिले, त्यावरून हे निदान मला पटत नाही.

त्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश थेट मतदानाने, दहा वर्षांसाठी निवडले जातात. १ एप्रिलला अशाच एका जागेची निवडणूक होती आणि तिच्यात इलॉन मस्क व त्यांच्याशी संबंधित गटांनी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. मुलीच्या टपालपेटीत रोज दोन-तीन गुळगुळीत प्रचारपत्रके येऊन पडत आणि जावई ती न वाचताच कचऱ्यात टाकत. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रीन बे येथील सभेत मस्क चीजच्या फोडीसारखी पिवळी टोपी घालून आले आणि त्यांनी दोघांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे धनादेश दिले. स्वतःची विक्रीकेंद्रे उघडता यावीत म्हणून मस्क यांच्या टेस्ला या मोटार कंपनीने जानेवारीतच या राज्याविरुद्ध दावा लावलेला होता आणि तो पुढे याच न्यायालयापुढे येऊ शकतो, हे शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मला कुंपणापाशी उभ्याउभ्या समजावून सांगितले. त्यांची स्वतःची मोटार टेस्लाच होती, शेजारच्या इलिनॉयमधून आणलेली. तिच्या मागच्या काचेवर ‘त्याचे डोके फिरण्याआधी घेतलेली’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. या माणसाला मस्क यांच्या श्रीमंतीचा हेवा वाटत होता असे कोण म्हणेल? त्या श्रीमंतीत त्याने स्वतःच भर घातली होती.

मस्क यांचे उमेदवार ब्रॅड शिमेल सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने पडले आणि सुसान क्रॉफर्ड निवडून आल्या. क्रॉफर्ड यांच्या बाजूनेही जॉर्ज सोरोस आणि इलिनॉयचे गव्हर्नर प्रित्झकर या धनाढ्यांचा पैसा होता, हे लपवण्याचे कारण नाही, आणि तोही मला खुपतो. मात्र प्रित्झकर निदान मते मागून पदावर बसले आहेत. मस्क यांना कोणीही निवडून दिलेले नव्हते. वर्षात १३० दिवसांची मर्यादा असलेले ‘विशेष सरकारी कर्मचारी’ या नात्याने ते सरकारी खर्चकपातीसाठी नेमलेल्या ‘डोज’ या विभागाच्या मोहिमेत होते. फेब्रुवारीत त्यांनी व्यासपीठावर यांत्रिक करवत नाचवली आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना ‘गेल्या आठवड्यात काय केले’ याचा हिशेब मागणारे ईमेल गेले. त्याच महिन्यात व्हाइट हाउसने न्यायालयात सांगितले की, मस्क त्या विभागाचे प्रमुख नाहीत आणि त्यांना निर्णयाचे अधिकार नाहीत; ४ मार्चला मात्र संसदेपुढे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीच त्यांचा प्रमुख म्हणून उल्लेख केला. नोकरी गेलेल्या माणसाने दाद मागायची तर कोणाकडे, हा तेथील रागाचा गाभा आहे आणि तो मला रास्त वाटतो.

आपल्याकडे उद्योगपती करवत घेऊन मंचावर येत नाहीत, एवढाच काय तो फरक. राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देता येणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ पासून चालली, सर्वोच्च न्यायालयाने ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली आणि देणगीदारांची यादी मार्चमध्ये जाहीर झाली, तीही स्टेट बँकेने मागितलेली मुदतवाढ न्यायालयाने फेटाळल्यावर. कोणाच्या पाठीशी कोणाचा पैसा आहे, हे त्या शेजाऱ्यांना मतदानापूर्वी ठाऊक होते. २०१९ मध्ये लोकसभेसाठी मत देताना मला ते ठाऊक नव्हते.

– एक वाचक, डोंबिवली