मन्या, गजूच्या पोट्ट्याचं ऐक

प्रिय मन्या,

तुझे मिसकॉल पाहिले, तो 'जिवंत आहेस का बे' वाला मेसेजही पाहिला. जिवंत आहे. आईचे गुडघे तसेच, बाबांची शुगर गोळीवर चालू, माझी पाठ डवरणीच्या दिवसांत असते तशी. झाली तब्येत. फोन मुद्दाम नाही केला, कारण गजूचं नाव ऐकलं की तू 'दुसरं बोल' म्हणतो आणि मग मी खरंच दुसरं बोलतो. म्हणून टाईप करून राहिलो. शेवटपर्यंत वाच.

गावात एका माणसाला लिंबाला बांधलं होतं. आपल्याच गावात, शाळेसमोरच्या लिंबाला. बरोबर वाचलं तू.

गॅस शेगडी, कुकर दुरुस्त करणारे गाडीवर भोंगा लावून फिरतात न, त्यातला एक. आपल्या भागातला नव्हता, बोली वेगळी. दुपारी खिचडीच्या सुटीत शाळेच्या नळावर बाटली भरून राहिला होता, बाजूला पहिलीतली एक पोरगी ताट धूत होती, तिनं काहीतरी विचारलं, हा हसला. बस्स एवढंच. गजूच्या वेदूनं भिंतीआडून फोटो काढला आणि तो पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ येतो न दर पावसाळ्यात, त्याच्यासोबत पालकांच्या ग्रुपवर टाकला. वरून आवाज जाड करून व्हॉईस मेसेज, 'हे लोक आपल्या गावात आले आहे, आपआपले लेकरं सांभाळा.' फोन बापाचा, म्हणजे नाव गजूचं, आणि गजू कधी ग्रुपवर गुड मॉर्निंगही टाकत नाही, म्हणून लोकांना एकदम खरंच वाटलं. चहा उकळायला लागते तेवढ्या वेळात माणूस झाडाला.

मी पोचलो तोवर दोघातिघांनी हात साफ करून घेतले होते. आणि मग गजू आला, वावरातून, चिखलाच्या पायांनी, आणि त्या माणसाच्या समोर आडवा उभा राहिला. म्हणे, 'आधी मले बांधा, मंग त्याले मारा.' मन्या, हा तोच गजू जो शंकरपटाच्या दिवशी तुला त्या गावात सायकलचोर म्हणून बांधलेलं पाहून सायकल घेऊन सरळ घरी आला आणि जेवायला बसला. आता तू म्हणशील, लय लवकर सुचलं त्याला. म्हण, तुझा हक्क आहे. पण पोलीस पाटील येईस्तोवर तो हालला नाही, आणि मध्येच माझ्याकडे पाहून म्हणाला, 'मन्याले सांगू नको.' म्हणून सांगून राहिलो.

त्या माणसाजवळ आधार कार्ड होतं, गावाचं नाव, सगळं. पोलिसांनी नेलं आणि संध्याकाळी सोडलं. तक्रार करत नाही म्हणाला, फक्त पेटी मागितली. पेटी उलटी झाली होती न, कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, वॉशर सगळे चिखलात. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या पोरी त्या रबरी रिंगा बांगड्या म्हणून घालून आल्या. बाईंनी एकेकीच्या हातातून काढून पिशवीत भरल्या, ती पिशवी आता माझ्याकडे. कोणाला द्यायची?

मला रात्री झोप नाही लागली. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवते न तुला, 1 जुलै 2018. पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागणारे, अशाच अफवेवरून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, 2020 मध्ये तर जास्त फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. फायदा काय, आपले लोक तेही एकेक करून पाठवतात, तण निंदावं तसं मन लावून.

मग शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची सभा. अध्यक्ष कोण, तर तुझा मित्र, म्हणजे मीच. हसू नको. अर्धे लोक म्हणे, पोट्ट्याची टीसी देऊन टाका. सरांनी सांगितलं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कोणत्याच लेकराला शाळेतून काढता येत नाही, तर एक जण म्हणाला मग कायदाच बदला. दुसरा म्हणाला, सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजते आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, तसं करू. चांगलं आहे, पण आपल्याकडे सातला लाईन जाते तेव्हा टीव्ही आपोआप बंद असते आणि लोक मोबाईलच्या उजेडातच बसतात.

मी विचारलं, वेदूनं टाकला एकाच ग्रुपवर, मग बाजूच्या दोन गावांत कसा गेला? कोणी पाठवला? सगळे चूप. त्या व्हिडिओवर दोन बाणांची खूण होती बे, म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला, पण तिकडे पाहते कोण. बारा-तेराचं पोट्टं टीसी घेऊन जाईल आणि आपण मोठे तोच फोन खिशात घालून घरी जाऊ, असं म्हटलं तर एकानं मला 'मास्तर झाला का बे' विचारलं. तोच, ज्याच्यासोबत मी अजून बोलत नाही, तुझी बॅट तोडली होती तो. माझीच बॅट म्हणा, पण जाऊ दे.

आणि पोट्ट्याच्या हातात फोन देऊ नका म्हणणं सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचाच नियम तेरा वर्षांचा, मान्य. पण गजूची ई-पीक पाहणी कोण करते? वेदू. वावरात उभं राहून पऱ्हाटीचा फोटो काढायचा, लोकेशन येईस्तोवर थांबायचं, ते त्यालाच जमते. पीकविमा, बँकेचा ओटीपी, आईची लाडकी बहीणची केवायसी, सगळं तोच. त्या दिवशी फोन शाळेत आला तोही सुटीत सेतूवर जाऊन कागद काढायचा होता म्हणून. कामाला मोठा आणि चूक केली की लेकरू, असं चालू आहे घराघरात. माझ्याकडेही तेच, पोरगी माझं यूपीआय माझ्यापेक्षा भरभर चालवते.

बाईंनी मात्र एक काम लय भारी केलं. तो व्हिडिओ पोरांना दाखवला नाही, त्यातले दोन-तीन साधे फोटो काढून सातवीच्या वर्गात लावले आणि म्हणाल्या, हे आपल्याकडचं आहे का ते सांगा, का ते पण सांगा. पोरं अशी तुटून पडली! दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मराठी नाहीत. ऑटोचा रंग आपल्याकडचा नाही. आणि एक पोरगी, जी कधी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणे, 'बाई, पावसाळ्यात स्वेटर कायले घातले यायनं?' खरंच की बे, मागचे सगळे लोक स्वेटरमध्ये! मग बाईंनी तोच फोटो गुगल लेन्सवर टाकला, तर जुन्या तारखेच्या बातम्याच बातम्या. लिंबाखाली जमलेल्या आमच्यापैकी एकालाही स्वेटर दिसलं नव्हतं.

पण वेदू त्या वर्गात नव्हता. तो शाळेतच येत नाही. पोरं त्याला 'पत्रकार' म्हणून चिडवतात. गजूनं मारलं नाही, ओरडलाही नाही, आणि मला वाटते त्याचाच त्या पोट्ट्याला जास्त त्रास होऊन राहिला. मी गेलो होतो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हटलं, काऊन केलं बे असं? तर म्हणे, 'मले खरंच वाटलं काका.'

इथंच माझं डोकं अडकलं मन्या. आपणच त्यांना सांगतो न, अनोळखी माणूस दिसला तर मोठ्यांना सांगा. त्यानं सांगितलं. मग आवाज जाड कायले केला? 'आले आहे' हे कोणी सांगितलं त्याला? थोडं खरं वाटलं असेल, थोडी मजा, थोडं असंही की बापाच्या नावानं एकदा तरी ग्रुपवर सगळ्यांनी 'हो भाऊ' म्हणावं. पुढच्या सभेत लोक मला विचारतील, पोट्टं भोळं का बदमाश, एक काय ते सांगा. मला एक नाही सांगता येत. त्याला सोडून दिलं असं लोकांना वाटू नये, आणि तो शाळेतून तुटूही नये. एकदा ही पोट्टी घरी बसली की दिवाळीपर्यंत कापूस वेचायलाच लागतात, तुला माहीत आहे.

म्हणून तुझं काम आहे. तू वेदूसोबत बोल. गजूसोबत बोल असं मी म्हणतच नाही, ते तुमचं तुम्ही मरेपर्यंत चालवा. पण लिंबाला बांधल्यावर काय होते हे आमच्यात फक्त तुला माहीत आहे. मी सांगितलं तर ते काकाचं भाषण होईल. तू सांग, दोरी कुठं टोचते, तहान लागली तर कोणाला मागायचं, ओळखीचं कोणी दिसेना तेव्हा कसं वाटते. तू आम्हालाही कधी नीट सांगितलं नाही, नुसती मस्करी केली. आणि त्यानं ऐकून घेतलं तर त्याला म्हण, त्या माणसाचं गाव पोलीस पाटलाकडे लिहिलेलं आहे, ती रिंगांची पिशवी घेऊन आपण जाऊ. गाडी मी काढतो.

बाकी तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का, वहिनींच्या बदलीचं काय झालं, रियाचा शाळेतला फोटो पाहिला, मोठी दिसते. पोळ्याला येतो म्हणून मागच्या वर्षीही सांगितलं होतं, यंदा मी बैलांना तुझं नाव नाही सांगत.

फोन रात्री आठनंतर कर, दिवसा गजू वावरात असतो आणि नाल्यापलीकडे रेंज नाही. नंबर जुनाच आहे, तू डिलीट केला असशील म्हणून वेगळा पाठवतो. उचलणार गजूच, फोन त्याचाच आहे न. तेव्हा 'वेदूले दे' एवढंच म्हण आणि शंकरपट काढू नको.

तुझा,
पिंट्या