जुने गिऱ्हाईक उगीच चिडत नाही

अमेरिकेतील ‘क्रॅकर बॅरल’ या हॉटेल साखळीच्या बोधचिन्हाच्या वादावरील आपला लेख वाचला. पिंपाला टेकून बसलेला म्हातारा ऑगस्ट २०२५ मध्ये चिन्हातून हटवला गेला आणि ग्राहक खवळल्याने आठवडाभरात परत आला. लेखात याला ग्राहकांचा हट्ट म्हटले आहे. ते पटत नाही. काही शाखांत भिंतींवरच्या जुन्या वस्तू कमी करून फिकट रंगही दिला होता. सुमारे ६६० पैकी ४ शाखांनंतर कंपनीने ते कामही थांबवले. राग फक्त चित्राचा नव्हता.

नाशिकच्या मिसळवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे. नव्या पाटीला, नव्या खुर्च्यांना कोणाची ना नाही. पण शाखा वाढल्या की रस्सा एकाच भटारखान्यातून डब्यांत येऊ लागतो. पुन्हा पुन्हा उकळून मटकीचा गाळ होतो, भाजलेल्या खोबऱ्याचा वास उडतो आणि तर्री कमी पडली की वरून लाल तेल सोडले जाते. मटकी वेगळी शिजवावी, वाटण रोज शाखेतच परतावे, फरसाण वाढतानाच घालावे. आणि कोणताही बदल आधी एकाच शाखेत महिनाभर करून रोजच्या गिऱ्हाइकांना विचारावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक