आई-बाबा, चवथीला येतेय, पण ताटातलं सगळं खाणार नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर माझ्या पोटाच्या पथ्याचा विषय काढला की आई तू रडवेली होतेस आणि बाबा फोन हातात घेऊन "बरं बरं, तू ये तर खरी" म्हणून विषय संपवतात, म्हणून शेवटी लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, आईचा चष्मा सापडत नसेल तर बाबांनी मोठ्याने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर, ते पथ्य मी सुरू केलंय. करू का म्हणून विचारत नाहीये, ठरलंय आणि चालूही आहे, आणि चवथीत, गणपतीच्या दिवसांतही, मी ते मोडणार नाही. म्हणजे गव्हाच्या नेवऱ्या नाहीत, चणाडाळीचं गोड मणगणं नाही, अळसांद्यांच्या कडधान्याचं तोणाक नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते कारण मला माहितीय, तू नेवऱ्यांचं सारण करायला घेशील तेव्हाच एक डबा माझ्या नावाने बाजूला ठेवशील आणि मग तो तसाच राहिला की तुला वाईट वाटेल. तो डबा दादाला दे. आई, हे तुझ्या हाताच्या चवीला नाही म्हणणं नाहीये गं, एवढं खरंच मनात घे.

आता का ते सांगते. पोटाचं दुखणं तुम्हाला थोडंफार माहीत आहे पण किती ते नाही माहीत. जेवल्यावर तासाभरात पोट टम्म फुगायचं, कळा यायच्या, ऑफिसात मीटिंग अर्धी सोडून उठायला लागायचं, आणि घरी यायचं असलं की पणजीहून वाळपईची बस पकडायच्या आधी मी सकाळपासून काही खायचेच नाही, वाटेत त्रास झाला तर काय म्हणून. तू म्हणायचीस ना, बाय आल्या आल्या कशी भुकेजलेली असते, ती त्यामुळे. तेव्हा सांगितलं नाही कारण बाबांचं ते सगळं चालू होतं आणि तू एकटी किती धावत होतीस, त्यात माझं पोट कुठे मध्ये आणू.

डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं. आधी रक्त, त्यात सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची टेस्ट, ती गहू खात असतानाच करायची असते, आधी गहू बंद केला तर रिपोर्ट चुकीचा चांगला येऊ शकतो, म्हणून तोपर्यंत मला मुद्दाम पाव-चपाती खायला लावली. ती निगेटिव्ह आली. मग दुधाची टेस्ट, लॅक्टोज पाण्यात घालून प्यायला देतात आणि दर थोड्या वेळाने एका यंत्रात फुंकायचं, श्वासात हायड्रोजन किती वाढतो ते बघतात, तो माझा चांगलाच वाढला. म्हणजे दुधातली साखर मला पचत नाही. आणि बाकीचं जे आहे त्याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, कॅन्सर तर नाहीच नाही, बाबा हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा. फक्त आतडं जास्त हळवं आहे, दुसऱ्याच्या पोटात जेवढा वायू होतो तेवढाच माझ्या पोटात झाला तरी मला त्याची कळ लागते.

पथ्याचं नाव लो फॉडमॅप. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००५ च्या सुमारास हे शोधून काढलं, व्हॉट्सअॅपवरचं काही नाही. काही पदार्थांत अशा साखरा असतात ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या आपल्याबरोबर पाणी ओढतात, तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्या आंबवतात आणि वायू धरतो. कांदा, लसूण, गहू, डाळी-कडधान्यं, दूध, काजूगर, कलिंगड, पिकलेला आंबा. हो बाबा, काजूगरसुद्धा. तुमच्या बागायतीतले भाजून पाठवलेले काजूगर मी ऑफिसात वाटले, सगळ्यांनी तुमची आठवण काढली, पण पुढचे पाठवू नका सध्या. अळंबीही बंद आहेत, यंदा पावसात कोणी आणून दिली तर तुम्ही दोघं पोटभर खा, माझ्यासाठी राखून नका ठेवू.

आई, तू मागे म्हणालीस ना, कांदा बाजूला काढून खा. कढीत नाही चालत तसं. कांदा-लसणातली ती साखर पाण्यात विरघळते, म्हणजे रसात उतरलेलीच असते, तुकडा काढला काय नि ठेवला काय. पण तेलात ती विरघळत नाही. म्हणून लसूण तेलात चांगली परतायची, पाकळ्या सगळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची, वास पूर्ण येतो आणि पोटाला त्रास नाही. मी आता असंच करते, वांग्याची भाजी अगदी तुझ्यासारखी होते, खोटं नाही सांगत.

आणि खरं सांगू का, चवथीचं जेवण तर माझ्या पथ्याला सगळ्यात जवळचं आहे. नैवेद्याला कांदा-लसूण आपण घालतच नाही! अर्धी काळजी तिथेच मिटली. पातोळ्या तांदळाच्या, हळदीच्या पानातली एक मी खाणार, आत खोबरं-गुळाचं चुन थोडं कमी भर म्हणजे झालं. खतखत्यात तूरडाळ घालायच्या आधी माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढ, सुरण, मुळा, तिरफळं एवढं आलं तरी मला पुरे, कणंगाचा कंद नको. सोलकढी बिनलसणाची, अर्धी वाटी. भात तर काय, उकड्या तांदळाचा असो की सुरय, हवा तेवढा. हिंगाची डबी मात्र उलटी करून मागे वाच, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मी येताना दुसरा घेऊन येईन. साजूक तूप चालतं मला, लॅक्टोज दुधात असतं, तुपात जवळजवळ उरतच नाही, तेव्हा वरणाशिवायच्या भातावर तूप वाढायची तुझी हौस भागव.

आपला दीड दिवसाचा गणपती, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी बांगडे आण ना बाबांकडून. माशाला काहीच बंधन नाही. ते तिरफळं घातलेलं हुमण, त्यात तू कांदा घालतच नाहीस, मी इथे तीनचार जणींच्या हातचं खाल्लं पण तसं कुणाचं नाही.

मणगण्याचं मात्र मलाच सगळ्यात वाईट वाटतंय. लहानपणी टोपाला लागलेलं मणगणं मी आणि दादा बोटांनी खरवडायचो आणि तू माझ्या बाजूला जास्त ठेवायचीस, त्याला कळू न देता. तेव्हा पोट दुखलं की तू बेंबीभोवती हिंग लावायचीस आणि बाबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसायचे, पावसाकडे बघत, मला झोप लागेपर्यंत. अजूनही रात्री कळ आली की हात आपोआप बेंबीवर जातो. इथे कपाटात हिंग आहे पण स्वतः लावून घेण्यात काही अर्थ नाही.

पण आई, हे कायमचं नाहीये, हेच तर मला तुला पटवायचंय. पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो, त्यात सगळं बंद. मग एकेक गट परत आणायचा, आज थोडं, उद्या जास्त, परवा आणखी, त्रास होतो का बघायचं, मग मध्ये थांबून पुढचा गट. शेवटी कळतं की मला नेमकं काय आणि किती चालतं, बाकी सगळं परत ताटात. उलट हे पथ्य फार लांबवू नये असंच सांगतात, कारण आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं त्याने कमी होतं. म्हणूनच चवथीत मोडायचं नाही, अर्ध्यावर मोडलं तर पथ्याचा उपयोग होतोय का तेच नीट कळणार नाही. आणि मणगण्यात चण्याची डाळ, नारळाचा रस, गूळ तिन्ही एकत्र, त्रास झाला तर कुणामुळे झाला ते कळणारच नाही. डाळीची पाळी आली की आधी नुसती डाळ खाऊन बघेन, ती चालली तर तुला फोन करीन, मग दिवाळी असो नसो तू मणगणं कर.

मी उपाशी नाहीये. सकाळी पेज आणि अंडं, दुपारी डब्यात भात, मासे, गाजर-काकडी, रात्री तांदळाची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि भाजी. चहा बिनलॅक्टोजच्या दुधाचा मिळतो, पणजीत दुकानात असतं ते दूध, म्हणजे कॅल्शियमचीही चिंता नको. वजन उतरलेलं नाही. आहारतज्ज्ञ बाई आहेत त्या दर थोड्या दिवसांनी बघतात, माझं मी इंटरनेटवर वाचून चालवलेलं नाही. रात्री झोप लागते आता, आई. बसमध्ये खिडकीशी बसून चणे नाही तरी शेंगदाणे खात येईन मी चवथीला, मी येऊन ठेपल्यावर तुला घाईघाईत वाढायला नको.

आता ऐका नीट. माझ्यासाठी वेगळी भांडी काढू नका, ही अॅलर्जी नाही, एक कण लागला म्हणून काही होत नाही, तोच डोवला तोच टोप चालतो. मावशीला आणि शेजारी हे सांगत बसू नका की मुलीला काही मोठं झालंय. दादाने पाठवलेली ती ढीगभर पदार्थांची रक्ताची टेस्ट कुणीही करायची नाही, तुम्ही तर अजिबात नाही, त्या अँटीबॉडी आपण काय खातो तेवढंच दाखवतात, काय सोसत नाही ते नाही. आणि आई, माझ्याबरोबर म्हणून तू कांदा सोडू नकोस, तुझ्या मनात ते आलेलं आहे मला माहितीय. देवाला गाऱ्हाणं घाल, पण उपास धरू नकोस, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत तुला.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं. दादा म्हणाला तुम्हीही हल्ली गॅसच्या गोळ्या रोज घेता आणि पोट पूर्वीसारखं साफ होत नाही, आणि माझं ऐकून तुम्ही पाव बंद केलात. नका करू. माझं पथ्य माझ्या तपासण्या झाल्यावर दिलेलं आहे, तुमच्या वयात पोटाची सवय अशी नव्याने बदलली तर आधी डॉक्टरांनी बघायला हवं, घरच्या घरी पथ्य करून ते झाकून टाकायचं नसतं. घाबरवत नाहीये, बहुतेक वेळा साधंच काहीतरी असतं. पण रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर चवथीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मला फोन. नाहीतर चवथ झाली की तुम्हाला माझ्याबरोबरच पणजीला घेऊन येणार आहे, डॉक्टरांची वेळ घेतलीय, बागायतीचं काम दादा बघेल, त्याच्याशी बोलून झालंय. गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधायला शिडीवर तुम्ही चढायचं नाही, तेही त्यालाच सांगितलंय. कपाटातली ती निळी फाईल, जुने सगळे रिपोर्ट आणि हल्ली घेता त्या गोळ्यांची पाकिटं, एका पिशवीत काढून ठेवा, मी आल्यावर शोधाशोध नको.

तुमची,
बाय