मिनी ट्रॅक्टर गवतातच का तापतो?

मखमलाबाद, नाशिक
सप्टेंबरअखेर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. द्राक्षबागेतलं गवत कापताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि मेकॅनिक म्हणतो पाण्याचा पंप बदल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाक. थांब जरा. हाच ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरवर तापत नाही ना? ब्लोअरही इंजिनाला चांगलाच दमवतो. तिथे काटा जागेवर राहत असेल, तर पंप बहुतेक ठीकच आहे. फरक आहे तो कचऱ्याचा. गवत कापलं की कुसळं, भुसा, गाजरगवताचा फुलोरा, सगळं उडतं आणि पंखा ते समोरून ओढून घेतो. त्यात छाटणीआधी मांडव पानांनी गच्च, ओळीत वारा नाही.

पुढची जाळी तू झटकतोस, ते मी पाहिलंय. पण खरा कचरा तिच्या मागे, रेडिएटरच्या पत्र्यांत बसतो. बॉनेट उघड आणि कॉम्प्रेसरची हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मार. समोरून मारलीस तर तो आणखी आत ठासला जातो. वॉशिंगवाल्याला मात्र रेडिएटरला हात लावू देऊ नकोस, त्या पाण्याच्या माऱ्याने पत्रे मुडपतात आणि मग हवा जायची कुठून? कापणीच्या दिवसांत हे काम रोजचंच समज, आणि दुपारच्या सुट्टीत जाळी पुन्हा एकदा बघ.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, मला तो अजिबात पटत नाही. इंजिन सतत थंड चाललं तर झिजतं, डिझेलही जास्त खातं. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरतं. बिघडला असेल तर नवा टाक.

बोअरचं पाणी ओतणं बंद कर. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर धरतो तसाच तो इंजिनातही धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घे. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने दाब धरला तरच उकळी लांबते. पट्टा ढिला असेल तर पंखा मंदावतो, तोही ताणून घे.

आता चालवण्याचं. तापला की तू रेस कमी करतोस, पण पंखा आणि पंप इंजिनावरच फिरतात, तेही मंदावतात. रेस पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांपाशी ठेव आणि गिअर खालचा घे. काळा धूर म्हणजे लोड जास्त. गुडघ्याएवढं गवत दोनदा कापावं, आधी वरून, मग खालून. वारा पाठीमागून असला की उडालेला भुसा आपल्याच तोंडापुढे येतो, तेव्हा जाळी लवकर भरते.

काटा चढलाच तर पीटीओ सोड, मोकळ्यात घे आणि थोडा वेळ आयडलवर चालू दे. वाफ किंवा पाणी बाहेर येत असेल तर मात्र लगेच बंद कर. आणि गरम झाकण, दत्ता, कुणी कितीही घाई केली तरी उघडू नकोस.

छाटणीची टोळी यायच्या आत गवत निघायला हवं. रविवारी गिरणारे गावाकडे येतोच आहे, कॉम्प्रेसर गाडीत टाकतो. तू ब्लेड सोडून ठेव, बोथट ब्लेडही इंजिनाला घाम फोडतं. मी आलो की धारवाल्याकडे जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रघू