नॅस बदलण्याआधी भिंतीतली केबल तपासा

संपादक महोदय,

घरचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे एका जागी राहावीत म्हणून बऱ्याच घरांत आता नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, असतो. फाइल हळू जाते अशी तक्रार केली की दुकानात नवा डबा किंवा एसएसडी सुचवली जाते. हा खर्च बहुतेक वेळा अनाठायी असतो. दोष कुठे आहे हे कॉपी होताना दिसणारा वेगच सांगतो, तो आधी नीट वाचावा.

तपासणी नेहमी ५-१० जीबीच्या एकाच मोठ्या फाइलने करावी, आणि लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने जोडून. वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर चिकटून राहिला, तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा जोड आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. सगळे गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) असेल तर हाच आकडा ११० च्या आसपास असतो. या वेगाने १ टीबी अडीच तासांत जातो, ११.५ एमबीने त्यालाच पूर्ण २४ तास लागतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असे गेल्यावर लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० ऐवजी १००/१०० असेल तर नॅसला हात लावायची गरज नाही. स्वतःच्या लॅपटॉपचा आकडा बरोबर असेल, तर नॅसच्या सेटिंग्जमधल्या नेटवर्क पानावर त्याच्या बाजूचा आकडाही पाहावा.

मग केबल पाहावी. १०० मेगाबिटला आठांपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही, म्हणजे पिळलेल्या चारही जोड्या, हव्यात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार क्रिम्प करताना (टोकाच्या प्लगमध्ये दाबताना) नीट बसली नाही, तर बऱ्याचदा दोन्ही टोकांची यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहते, व्हिडिओ दिसतात, त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाला पत्ता लागत नाही. केबल तपासायच्या स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणून निर्धास्त होऊ नये. तारा अखंड आणि सरळ क्रमाने आहेत का, एवढेच तो सांगतो. दोन्ही टोकांना सारख्याच चुकीच्या जोड्या लावल्या असतील तर ते त्याला कळत नाही. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असाच हवा, आणि जोडीचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये.

माझा खरा आक्षेप नव्या इमारतींतल्या वायरिंगवर आहे. एकाच केबलच्या चार तारा एका खोलीला आणि उरलेल्या चार दुसऱ्या खोलीला देऊन दोन पॉइंट दाखवले जातात. ही काटकसर पुढे भिंत फोडल्याशिवाय सुधारता येत नाही, कारण पाइपमधून दुसरी केबल ओढायला जागाच ठेवलेली नसते. दुसरी खोड तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेची. ती हाताला हलकी लागते, खरवडल्यावर आत पांढरी दिसते आणि कीस्टोनमध्ये (भिंतीतल्या सॉकेटमध्ये) दाबताना पटकन तुटते. बिलात ‘कॅट ६’ ही केबलची प्रत एवढेच न लिहिता ‘शुद्ध तांबे’ असेही लिहून घ्यावे.

केबल ठीक असूनही आकडा १०० च राहिला, तर राउटरचे पोर्ट पाहावेत. इंटरनेट कंपनीकडून मिळालेल्या काही राउटरचे सगळेच लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे असतात. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणून नॅस आणि संगणक दोन्ही त्यावर लावले की राउटर मधून बाजूला होतो.

सुरुवात ११० ने होऊन काही जीबीनंतर वेग कोसळत असेल, तर मात्र नजर डिस्ककडे वळवावी. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माग, म्हणजे डेटाच्या रेघा, एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. तात्पुरती जागा भरली की शेजारचे माग पुन्हा लिहावे लागतात. वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या काही ‘रेड’ डिस्क अशा आहेत हे एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाले. नॅसला सीएमआर, म्हणजे माग एकमेकांवर न चढवणारी, डिस्कच घ्यावी. प्रकार खोक्यावर बहुधा लिहिलेला नसतो, मॉडेल क्रमांकावरून शोधावा लागतो. स्मार्ट अहवालातला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या संशयित जागांचा, आकडा शून्य नसेल तर वेगाचा विचार सोडून आधी बॅकअप घ्यावा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्कला जोडणारी साटा केबल खराब आहे.

मोठी फाइल ११० ने जाते पण फोटोंचे फोल्डर रेंगाळते, हा बिघाड नव्हे. प्रत्येक फाइल उघडणे, लिहिणे, बंद करणे यासाठी वेगळी ये-जा होते. हजारो फोटो झिप करून एकदाच पाठवावेत. जंबो फ्रेमच्या, म्हणजे एका वेळी डेटाचे मोठे पाकीट पाठवण्याच्या सेटिंगच्या, नादी लागू नये. एक यंत्र ९००० बाइटच्या पाकिटावर आणि दुसरे १५०० वर राहिले तर होते तेही काम अडते.

घराचा ताबा घेताना नळ आणि दिवे तपासतो, तसे गिगाबिट स्विच आणि लॅपटॉप घेऊन प्रत्येक लॅन पॉइंट तपासावा, आणि जिथे १००० दिसत नाही तो पॉइंट बिल्डरकडून लेखी दुरुस्तीच्या यादीत घालून घ्यावा.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, पुणे