गेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल अध्यक्षांना पत्र: नवीन घ्यायच्या आधी जरा थांबा

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब (म्हणजे आप्पा, तुम्हीच),
आमची सोसायटी, जळगाव

विषय: रात्रीच्या फुटेजमध्ये गाडी आणि माणूस फराटा होऊन दिसतो त्याबद्दल, आणि नवीन कॅमेऱ्यांचं कोटेशन मंजूर न करण्याबद्दल

आप्पा, नमस्कार.

विषय ऑफिशियल लिहिलाय, पुढचं सगळं आपण वट्ट्यावर बसून बोलतो तसंच लिहितो, कारण तुम्हाला तसंच आवडतं आणि मलाही दुसरं जमत नाही.

नानांच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली त्या रात्रीचं फुटेज आपण सगळ्यांनी ऑफिसात गर्दी करून बघितलं. दोन वाजून दहा मिनिटांनी (डीव्हीआरचं, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ सतरा मिनिटं पुढे आहे, ते वेगळंच) गेटमधून एक बाइक निघते, आणि दिसतं काय तर भिंतीवर कोणी चुन्याचा हात ओढावा तसा एक पांढरा पट्टा. नंबर नाही, तोंड नाही, गाडी कोणती तेही नाही. वॉचमनबाबा मागे उभे होते, ते म्हणाले, "तो माले दिसना, पन कॅमेराले नही दिसना." सगळे हसले, पण आप्पा, खरा मुद्दा तोच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याला जे दिसलं ते आपल्या आठ कॅमेऱ्यांना का नाही दिसलं?

कमिटीचं म्हणणं की कॅमेरे जुने झाले, दोन मेगापिक्सेलचे काढून पाच मेगापिक्सेलचे लावू, एक लाख दहा हजाराचं कोटेशन आलंय आणि ते सिंकिंग फंडातून देऊ. सिंकिंग फंड बिल्डिंगच्या मोठ्या कामासाठी असतो, कॅमेऱ्यासाठी नाही, ते सेक्रेटरींना माहिती आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच की पाच मेगापिक्सेलने हाच पट्टा जास्त बारकाईने दिसेल, बस.

हे मी कुठून बोलतोय तर कॉलेजात असताना मामाच्या फोटो स्टुडिओत तीन लग्नसराया काम केलंय. वरातीत अंधार असला, फ्लॅश संपला की मामा शटर हळू करायचा, फोटो उजेडाचा यायचा, पण नाचणाऱ्या पोरांना चार-चार हात यायचे. कॅमेरा जेवढा वेळ डोळा उघडा ठेवतो तेवढ्या वेळात समोरचा जेवढा सरकला तेवढा तो पुसला जातो. आपल्या गेटवर अगदी हेच चाललंय.

मागच्या शनिवारी सेक्रेटरींना विचारून मी डीव्हीआरवर बसलो. (पासवर्ड मागायची गरजच पडली नाही, कंपनीतून आला तसाच आहे आणि वर स्टिकरवर लिहिलेला आहे. तो बदला, आजच.) कॅमेरा तीनच्या, म्हणजे गेटवरच्या कॅमेऱ्याच्या, मेनूत गेलो, एक्स्पोझर उघडलं, तर तिथे सेन्स-अप नावाचं सेटिंग ऑटो चारपटीवर. म्हणजे अंधार पडला की कॅमेरा चार-चार फ्रेमचा उजेड गोळा करून एक चित्र बनवतो. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची, चार झाल्या १६०. आता बाइक ताशी २० किलोमीटरने जरी निघाली, काही फार नाही, आपण सगळे त्यापेक्षा जोरात काढतो, तरी तेवढ्या वेळात ती जवळपास ९० सेंटीमीटर पुढे जाते. बाइकची मागची नंबर प्लेट २० सेंटीमीटरची. मग काय दिसणार? पट्टाच दिसणार.

आणि हे सेटिंग लावलं कोणी तर बसवणाऱ्यानेच, आणि त्याला तरी काय बोलणार, कारण त्या दिवशी रात्री मॉनिटरवर आवार दिवसासारखं दिसलं तेव्हा आपणच खुश झालो होतो. मी तर "वा रे वा" म्हणालो होतो, मला आठवतंय. समोर उभी गाडी, झाड, पाण्याची टाकी सगळं चकाचक. हलणारं कोणी त्या रात्री गेटमधून गेलंच नाही.

माझं पटत नसेल तर कानबाईच्या उत्सवाच्या रात्रीची क्लिप बघा. काकूंच्या मुलीने ग्रुपवर टाकली होती, अजून असेल. तोच कॅमेरा, रात्रीचे साडेबारा, गेटजवळ मांडव आणि दोन मोठे हॅलोजन लावलेले, बायका फुगड्या घालतायत आणि कोणाची साडी कोणत्या रंगाची, कोणाच्या हातात रोटाचं ताट, सगळं कळतंय. फुगडी म्हणजे काही कमी स्पीड नसतो! उजेड होता म्हणून सेन्स-अप लागलं नाही आणि शटर आपोआप फास्ट राहिलं. तीन आठवड्यात कॅमेरा म्हातारा झाला नाही आप्पा, हॅलोजन मांडववाला घेऊन गेला.

मग शनिवारी रात्री मी आणि वॉचमनबाबांनी टेस्टच घेतली. मी माझी बाइक घेऊन साधारण वीसच्या स्पीडने आठ-दहा वेळा गेटमधून बाहेर, परत आत, परत बाहेर, बी विंगमधल्या दोघांनी खिडकीतून विचारलं की भो बरं आहे ना सगळं. दर फेरीला सेटिंग वेगळं. सेन्स-अप बंद करून शटर १/२५ सेकंदावर ठेवलं तर पट्टा आखूड झाला, बाइक आहे एवढं कळायला लागलं, पण प्लेट तरी २२ सेंटीमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. १/५० ला माणसाची ठेवण कळते. १/१०० ला सरकणं साडेपाच सेंटीमीटरवर येतं, आणि गाडी आडवी न जाता कॅमेऱ्यापासून सरळ लांब जात असेल तर त्याहूनही कमी पुसली जाते. शेवटच्या दोन फेऱ्यांना मी मुद्दाम तशी सरळ काढली तर एमएच १९ आणि शेवटचे चार आकडे वाचता आले. नवीन प्लेट चमकपट्टीची असते, आलेला लाईट ती उलट फेकते, म्हणून बाकी चित्र काळं झालं तरी ती तेवढी उजळ राहते. १/२५० पण करून बघितलं, काही उपयोग नाही, सगळा अंधार आणि वर पार्किंगमधल्या स्वस्त एलईडीमुळे चित्रात आडवे पट्टे पळायला लागले. आपली लाईन ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/१०० वर थांबलेलं बरं.

आता याची किंमत आहे, ती लपवत नाही. १/२५ वरून १/१०० केलं की कॅमेऱ्याला उजेड चौथा हिस्साच मिळतो, चित्र काळपट होतं, दाणे येतात. ते दाणे घालवायला डीएनआर नावाचं सेटिंग असतं आणि तिथेही एक गंमत आहे, ते फुल वाढवून ठेवलं की कॅमेरा मागच्या फ्रेम आताच्या फ्रेममध्ये मिसळतो आणि माणसाच्या मागे भुतासारखी शेपटी येते. आपलं फुलवरच होतं. मी मध्यावर आणलंय, थोडे दाणे दिसतील, दिसू द्या.

म्हणून खर्च करायचाच तर उजेडावर करा. कॅमेरा तीन दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर आहे, गेट तिथून चौदा मीटर (टेप लावून मोजलंय), आणि त्याच्या अंगचे आयआर (म्हणजे इन्फ्रारेड, अंधारात कॅमेऱ्यापुरता उजेड देणारे) दिवे तिथपर्यंत पोचता पोचता दमतात. लाईटचा हिशोब असा की अंतर अर्धं केलं तर उजेड चौपट पडतो. तेवढ्याच ताकदीचा एक वेगळा आयआर लाईट घेऊन तो पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर, गेटपासून सात मीटरवर लावला तर शटरने खाल्लेला चौपट उजेड तिथल्या तिथे भरून निघतो. ए विंगच्या तळमजल्यावरच्या बाबांना झोप लागत नाही, त्यांच्या खिडकीवर फ्लडलाईट मारायला माझाही विरोध आहे, पण आयआर डोळ्याला दिसत नाही, दिव्यात जवळून बघितलं तर बारीक लाल ठिपके दिसतात तेवढेच. हालचाल झाली की पेटणारा सेन्सरवाला लाईट नको, तो पेटून कॅमेरा सावरेपर्यंत बाइक हायवेला लागलेली असते.

पण निव्वळ आयआरवर भागणार नाही, आणि हे मला जास्त मनापासून सांगायचंय. आयआरमध्ये चित्र ब्लॅक अँड व्हाईट येतं आणि कपड्याचा रंग खोटा दिसतो. त्या फुटेजमध्ये पांढरा शर्ट दिसला म्हणून ग्रुपवर रात्रीतून ठरलं की दूध टाकणारा पोरगा असणार, तो पांढरा शर्ट घालतो. शनिवारी मी कोणता टी-शर्ट घातला होता माहिती आहे? काळा. फुटेजमध्ये दुधासारखा पांढरा दिसतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, कोणालाही दाखवतो. कृत्रिम धाग्याचे बरेच काळे कपडे आयआरमध्ये असेच उजळतात. पोराने दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं, आता आपण सगळे सकाळी पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभे असतो ते ठीकच आहे, पण त्याला कोणीतरी जाऊन बोललं पाहिजे, आणि अध्यक्ष म्हणून ते तुम्ही केलं तर बरं, मी सोबत येतो. ग्रुपवर मीही अंगठा दाखवला होता.

तर गेटच्या कमानीला आतल्या बाजूने एक छोटा पांढरा एलईडी, वर टोपी असलेला, उजेड फक्त खाली रस्त्यावर पडेल असा, रात्रभर चालू. कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारायचा नाही, नाहीतर तोच आंधळा होईल. त्या उजेडात कॅमेरा रंगीत राहिला तर तोंड आणि रंग मिळेल, आयआरवर गेला तर मागची प्लेट मिळेल.

बाकी बारीकसारीक. कॅमेरा तीन दुसऱ्या मजल्यावरून टाळूच दाखवतो, तो खाली आठ-नऊ फुटांवर आणि सरळ गेटच्या तोंडाला करायचा, म्हणजे गाडी आडवी जाणार नाही. गेटच्या आत एक स्पीडब्रेकर, स्पीड वीसचा दहा झाला की फराटाही अर्धा, सगळ्यात स्वस्त शटर तेच. काचा पुसायच्या, आपल्या उन्हाळ्यातली धूळ चार महिन्यांपासून तशीच आहे आणि कॅमेरा पाचवर कोळ्याने जाळं केलंय, रात्री आयआरमध्ये ते पेटल्यासारखं चमकतं आणि मागचं सगळं झाकतं. वॉचमनबाबांनी झाडू मारला, दोन दिवसांत परत आलं, त्या कोळ्याला मेंटेनन्स लावा.

शटर कायमचं १/१०० ला लॉक मात्र करू नका, मे महिन्यात दुपारी बाराला चित्र पांढरं फटक होईल. मेनूत रेंज देता येते, तिथे सगळ्यात हळू किती जायचं ते ० ते ४० मिलिसेकंद लिहिलं असेल तर ० ते १० करायचं, दिवसा तो आपोआप अजून फास्ट जातो. मी सध्या फक्त कॅमेरा तीनचं बदललंय, जुनी सेटिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलीयेत, नको वाटलं तर पाच मिनिटात परत करतो.

आयआर लाईट, एलईडी, वायर आणि मजुरी धरून माझा अंदाज सात-आठ हजाराच्या आत. ते रिपेअरमधून होईल, मीटिंगही लागणार नाही. एवढं करून महिनाभर बघू, तरी नाही जमलं तर नवीन कॅमेरे घ्या, तेव्हा मीच हात वर करीन, फक्त घेताना मेगापिक्सेल न विचारता लेन्सचा एफ नंबर (लेन्सचं तोंड किती मोठं ते, आकडा लहान तेवढं तोंड मोठं) विचारा, एफ २ ऐवजी एफ १ मिळाला तर तोच उजेड चौपट घेतो.

येत्या रविवारी रात्री साडेनऊला गेटवर या, नानांनाही आणा, मी बाइक चालवतो, तुम्ही स्क्रीन बघा. शिडी तेवढी तुमच्याकडची लागेल, सोसायटीची ज्यांनी नेली त्यांनी अजून आणून दिलेली नाही.

आपला,
बी विंग, ३०४